बिजागरीला तेल घालण्याआधी

मित्रांनो, मी एका जुन्या कपाटाचा दरवाजा आहे. कपाट नुसतं माझ्यामागे उभं असतं, बोलायचं काम जन्मापासून माझ्याच गळ्यात पडलं आहे. सुताराने मला जरा तिरका बसवला आणि वरची बिजागरी करकरू लागली. "वापरात आलं की जाईल," म्हणाला आणि तो स्वतःच निघून गेला. करकर काही गेली नाही.

घरात दोन मुलं होती, ताई आणि तिचा धाकटा भाऊ. लपाछपीत ताई माझ्याआड लपायची आणि मला हळूच ढकलून करकर करायला लावायची. धाकटा रडकुंडीला यायचा. मोठी माणसं मात्र उठता-बसता माझ्या नावाने बोटं मोडायची.

पुढे ताई आवाज रेकॉर्ड करायला शिकली आणि धाकटा कॉम्प्युटरवर भुतं काढायला. दोघं एकाच कंपनीत लागली, भीतीचा व्हिडिओ गेम बनवायला. माझी करकर रेकॉर्ड करायला ताईने हट्टाने मलाही तिथे नेलं. गेममध्ये आपण एका ओसाड इमारतीत अडकलेले असतो. हातात शस्त्र नाही, टॉर्चची बॅटरी संपत आलेली. भूत जवळ आलं की कपाटात लपायचं. भूत कपाट उघडू लागलं की मी करकरणार, आणि तेवढ्यात मागच्या फळीतून निसटायचं. म्हणजे जीव वाचवायचा मी, आणि कौतुक कुणाचं, तर भुताच्या दातांचं!

बाहेरच्या लोकांना खेळायला बोलावलं, तर ते दात बघून हसले. साहेबांनी निक्षून सांगितलं, "पुढच्या चाचणीतही कुणी घाबरलं नाही तर गेम बंद. आणि ते खटारा कपाटही उचला इथून." यावर धाकट्याने काय करावं? दातांची आणखी एक रांग काढली. मला हात असते तर मी कपाळाला लावले असते.

शेवटच्या खोलीसाठी एक लांबलचक करकर तेवढी घ्यायची राहिली होती. चाचणीच्या दिवशी सकाळी ताई यंत्र लावून तयार झाली आणि तिने मला उघडलं. मी जिवाच्या आकांताने ओरडू पाहिलं. हूं की चूं नाही.

"अरे, काय केलंस याला?"

"तेल घातलं गं," धाकटा म्हणाला. "जरा नीट दिसलं तर साहेब ठेवतील ना कपाट."

"याच्या आवाजावर तर चाललंय आपलं सगळं."

धाकटा फडक्याने बिजागरी पुसू लागला. इतका राग आला होता मला त्याचा, आणि तो मला वाचवायलाच आला होता. ताई कितीतरी वेळ मला उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, "राहू दे. शेवटच्या खोलीत आवाजच नको घालायला."

चाचणीला एक धिप्पाड तरुण आला होता. भुताचे दात बघून तो जांभया देत होता. शेवटच्या खोलीत तो कपाटात लपला आणि माझ्या करकरीकडे कान लावून निवांत बसला, कारण खेळभर मी त्याला वेळेवर सावध केलं होतं. समोर उजेडाची फट दिसली. ती हळूहळू रुंद होत गेली. आवाज नाही. त्याने हेडफोन फेकले आणि खुर्चीसकट मागे सरकला. भूत अजून दिसलंही नव्हतं.

गेम वाचला, मीही वाचलो. जन्मभर घसा फोडला आणि नाव झालं ते गप्प बसल्यावर. वैताग येणार नाही तर काय? आता कपाटात वायरी ठेवतात. माझी करकर मलाही फक्त गेममध्येच ऐकू येते, आणि तिची फार आठवण येते.

धाकटा वायर घ्यायला येतो, भर दुपारी, सगळे दिवे लावून. तरी आधी माझ्यावर टकटक करतो आणि थोडा वेळ थांबतो. मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूला सुधारायला जाण्याआधी तुम्हीही एवढं करा. आत कुणी नसलं तरी.