रासेमाचे नवे बूट

रासेमाला बोलावणं आलं आणि झुम्राला नाही, हे झुम्राच्या घशाखाली उतरतच नव्हतं.

लढाईत दोघी एकाच घरात कोंडलेल्या. चार महिने, शत्रूच्या सैनिकांच्या ताब्यात. पुढे तुझ्ला शहरातल्या निर्वासित वस्तीत दोघींना समोरासमोरच्या खोल्या मिळाल्या. परदेशातल्या मोठ्या कोर्टाची माणसं आली तेव्हा दोघींनी एकाच दिवशी जबाब दिला. आणि विमानात बसणार कोण, तर ही! जबाब देताना हिची जीभ टाळूला चिकटली होती, निम्मं तर झुम्रानेच आठवून दिलेलं. आता हिला नवे बूटसुद्धा मिळाले.

रासेमा त्या सैनिकांविरुद्ध साक्षीला चाललीय, हे झुम्राशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. कळलं असतं तर गावाकडच्या त्यांच्या लोकांनी तिथे राहिलेल्या तिच्या भावाला जगू दिलं नसतं.

जिन्यात शेजारच्या हस्निजाने दोघींना अडवलंच. तिचं तोंड म्हणजे वस्तीचं पोस्ट ऑफिस.

"काय गं रासेमा, बूट चकाचक! नवरा-बिवरा बघितलास की काय?"

रासेमा बाजूने निसटायला बघत होती. झुम्राच्या ओठावर खरं कारण आलं होतं. एक वाक्य टाकलं की हिचं विमान इथेच खाली.

"दाढ काढायला चाललीय," झुम्रा म्हणाली. "तूही जा, तुझी तर जीभच काढायला हवी."

खोलीत आल्यावर मात्र तिने कॉफीचं भांडं असं आदळलं की अर्धी कॉफी शेगडीवर सांडली.

"तुलाच का गं? माझं काय कमी पडलं?"

"कोर्टाच्या वकीलबाई म्हणाल्या, तुझा जबाब अवघड आहे." रासेमा खाली बघत होती. "तू त्यात सांगितलंयस, घर आरशासारखं ठेवलं होतं, गालिचे घासले, सारण भरून पिटा भाजला. त्या सैनिकांचा वकील म्हणेल, बाई राजीखुशीने संसार करत होती."

झुम्राचे कान तापले. दिवसभर काय करायचात, असं जबाब घेणाऱ्या माणसाने विचारलं होतं. मग काय सांगायचं? उकिरड्यात लोळत होते म्हणून? तिच्या आईच्या घरात कधी कुणी धुळीचा कण पाहिला नव्हता.

"तूही पिटा भाजत होतीस!"

"मी सांगितलं नाही. लाज वाटली."

"वा! लपवलं तिला विमान, खरं बोलली तिला ठेंगा!"

"नाही जात मी, जा. मला तरी कुठे जमणारंय? तो वकील विचारणार, पळून का नाही गेलीस. काय सांगू?"

"त्यालाच विचार, किल्ली कोणाच्या खिशात होती? दाराला बाहेरून कुलूप असेल तर आत बाई भाजेना का पिटा, नाहीतर गाईना का गाणी, तिला राजी कोण म्हणतो?"

रासेमाने मान वर केली. "हे तू जबाबात सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते, हो म्हणाली का, नाही म्हणाली का. दाराकडे कुणी पाहिलंच नाही."

"मी सांगू हे तिथे? पिट्यासकट?"

झुम्राला एकदम वाटलं, मुळीच नाही. बूट घे, विमान घे, पण हे माझं आहे. सात वर्षं हे मी मनात घोळवलंय. ती शेगडी पुसत राहिली. पण हिने नाही सांगितलं, तर सांगणार तरी कोण? झुम्राचं स्वतःचं नाव साक्षीदारांच्या यादीत नव्हतं, आणि येणारही नव्हतं.

"म्हणून दाखव," ती शेवटी म्हणाली.

रासेमा काहीतरी पुटपुटली.

"शी! प्रार्थना करतेयस का? त्या वकिलाच्या डोळ्यांत बघून बोल."

रासेमाने पुन्हा म्हटलं. मग उभी राहून आणखी एकदा. तिसऱ्या खेपेला तिने ते इतकं ताठ आणि स्वच्छ म्हटलं, की झुम्राला वाटलं हिच्या कानाखाली एक द्यावी. तिला स्वतःला ते असं कधीच म्हणता आलं नसतं.