खरवडीचं वजन

भाजीबाजारात तिला सगळे चोखमावशी म्हणत. तीस वर्षं वांगी-शेंगा विकल्या, पण काटा मारल्याचा डाग लागू दिला नाही. उलट दांडी गिऱ्हाइकाकडे जराशी झुकेपर्यंत ती हात आखडायची नाही.

म्हणून त्या दुपारी घरी आलेल्या नर्सबाई सुनेला वजनकाट्यावर उभं करून म्हणाल्या, "त्रेचाळीस. मागच्या महिन्याएवढंच," तेव्हा मावशीला आधी काट्याचाच संशय आला.

"सातवा लागलाय तिला. असं कसं होईल?"

"तेच विचारतेय मी, मावशी. वजन असंच अडून राहिलं तर बाळ अशक्त जन्मेल, हिलाही जड जाईल."

मावशीने कोपऱ्यातलं पाच किलोचं माप उचललं आणि नर्सबाईंच्या काट्यावर ठेवलं. आकडा पाचावर थांबला. काटा खरा होता.

"घरात जेवण कसं होतं?" नर्सबाईंनी विचारलं.

"सगळ्यांना सारखं. मी स्वतः वाढते."

"तुमचा तराजू घरीच आहे ना? मग आज ताटं तोलून बघा."

मावशीला हे आव्हानच वाटलं. टायरच्या दुकानातून मुलगा जेवायला आलाच होता. तिने रोजच्यासारखं वाढलं: आधी मुलाला, मग स्वतःला, आणि भांड्यात उरेल ते सुनेला. रिकाम्या ताटाचं वजन वजा करून एकेक ताट तराजूत चढलं. मुलाचं पाऊण किलो. तिचं स्वतःचं अर्धा. सुनेच्या ताटात तळाचा भात आणि त्याची खरपूस खरवड, त्यावर शेंगांच्या भाजीचा नुसता रस.

पाव किलोचं माप टाकलं, तरी दांडी मापाकडेच झुकलेली.

"खरवड गोड असते," मावशी पुटपुटली. "माझी सासू मलाच द्यायची. मला लाडच वाटायचा तो."

"गोड असते हो आई," सून हळूच म्हणाली, "पण बाळाला अजून दात कुठे आहेत?"

मुलगा फिसकन हसला, मग त्याची नजर आपल्या ताटावर गेली.

मावशी मात्र तराजूकडेच बघत होती. गिऱ्हाइकाला असं माप दिलं असतं, तर बाजाराने तिला उभंही केलं नसतं. आणि इथे तर एका ताटावर दोन गिऱ्हाइकं.

तिने मुलाच्या ताटातल्या शेंगा आणि आपल्या ताटातलं अंडं उचलून सुनेच्या ताटात घातलं. वर भात वाढला. दांडी सुनेकडे झुकेपर्यंत हात थांबला नाही.

"अगं आई, मला?" मुलगा म्हणाला.

"तू एकाच जिवाचा आहेस. खरवड घे, गोड असते."

नर्सबाईंनी जाताना एवढंच सांगितलं: पहिलं ताट हिचं, रोज एक अंडं, शेंगा नि पालेभाजी, आणि मध्ये भूक लागली तर विचारायचं नाही, खायचं. मावशी मान डोलवत होती. विकायला न्यायच्या टोपलीतली चांगली जुडी आता आधी घरासाठी बाजूला निघू लागली. उरलीसुरली, पिवळी पडलेली नव्हे. सून शिवणकामाला बसली की तिच्या मशीनशेजारी वाटीभर भाजलेले दाणे असत, आणि वाटी रिकामी दिसली की सासू न बोलता भरून ठेवी.

महिन्याने नर्सबाई परत आल्या.

"आधी काटा शून्यावर आणा," मावशी म्हणाली.

आणला. सून चढली.

"पंचेचाळीस."

"उतर. परत चढ."

"आई, मी काय भोपळा आहे?"

"चढ गं."

पंचेचाळीसच. मावशीने पदराने तोंड पुसलं, बाजारात मोठं गिऱ्हाईक पटल्यावर पुसायची तसं.

"दांडी झुकली," ती म्हणाली. "अजून झुकवू."

आतून मुलाचा आवाज आला, "आज खरवड कोणाची?"

"काल माझी होती," सासू म्हणाली. "म्हणजे आज तुझी."