अश्रुनाथांची बाटली

जुईनगरच्या मैदानातल्या मंडपात बाटली वर गेली आणि हजारभर माणसांनी श्वास रोखला. आजाऱ्याने स्वच्छ पाण्यात तीनदा फुंकर मारायची, अश्रुनाथ महाराजांनी झाकण लावून बाटली खळखळून हलवायची, की पाणी दुधासारखं पांढरं. "हा तुमचा रोग! आला बाहेर!" मग चांदीच्या कुपीतून देवीच्या अश्रूचे दोन थेंब. एक आरती संपेपर्यंत पाणी पुन्हा नितळ. रोग गेला. कुठे गेला, हे विचारायची पद्धत नव्हती.

पथ्यं मात्र कडक होती. गोळ्या बंद, इंजेक्शन बंद, मासळी आणि अंडं तर घरातही नको. देवीला वास सोसत नसे.

ऋता खारघरच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची आणि जुईनगर गावात नामदेवकाकांच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहायची. खाडीत कालवाच्या धारदार शिंपल्याने काकांचा पाय कापला होता, त्यात मधुमेह. जखमेतले जंतू नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हते, म्हणून डॉक्टरांनी हॉस्पिटलात ठेवून चौदा दिवसांची इंजेक्शनं सुरू केली होती. पाचव्या दिवशी काका तिथून उठून आले. त्यात ऋताचाही हात होता.

त्या सोमवारी ती मंडपात उभी राहून म्हणाली होती, "तुरटी आहे ही. दुसरं काही नाही."

महाराजांनी बाटली तिच्याच हातात दिली. "ताई, तुरटीचा गाळ तळाला बसतो. दाखवा गाळ."

गाळ नव्हता.

"मॅडम फेल!" मागून कोणी ओरडलं. मंडप हसला. काकांच्या बायकोने, गोजराकाकींनी, ते पाहिलं आणि दुपारीच नवऱ्याला हॉस्पिटलातून घरी आणलं. "तू येवरी शिकलेली, तुला बी कललं नाय. मंग खरंच हाय ना, बाय?"

बुधवारी सकाळी पट्टी बदलताना काकांच्या पायाची करंगळी काळी पडलेली दिसली. काकी रडायला लागल्या. ऋता मात्र त्या कुपीतला थेंब आठवत होती. पडताना त्याला तार आली होती. डोळ्यातल्या पाण्याला कधी तार येते? तिने कपाळावर हात मारला. हा प्रयोग ती दरवर्षी आपल्या विद्यार्थ्यांकडून करून घेते! ती तडक कॉलेजात गेली आणि लॅबमधून पांढरट पाण्याच्या दोन बाटल्या तयार करून घेऊन आली.

संध्याकाळी मंडपात काकांची बाटली पांढरी झाली, तेवढ्यात ऋता पुढे आली. "महाराज, आज थेंब काकींचा घालू या."

"घाला, घाला!" महाराज माइकवर हसले. "संसाराचं पाणी आणि देवीचं पाणी एकच का?"

काकींचं रडं थांबलं नव्हतंच. ऋताने ड्रॉपरने डोळ्याच्या कडेचं पाणी टिपून बाटलीत सोडलं. आरती सुरू झाली. संपली तेव्हा पाणी नितळ होतं.

"अगो बाय! मी देवी हाय?"

महाराजांनी माइक तोंडाजवळ ओढला. "हे पतिव्रतेचं पुण्य! बोला, अश्रुनाथ महाराज की..."

"जय" आला, पण अर्ध्याच मंडपातून.

ऋताने पिशवीतून अंडं काढलं, त्यातलं पांढरं पाण्यात ढवळलं आणि आपल्या पहिल्या बाटलीत ओतलं. बघता बघता तीही निवळली. "ही कोंबडीपण पतिव्रता का, महाराज?"

आता मंडप ऋताच्या बाजूने हसला. काकींनी कुपी हिसकावली, थेंब बोटांत चोळून पाहिला. "हा अंडा हाय! तीन दिस माज्या घरान अंड्याला बंदी, न् ह्यो देवीच्या डोल्यांन अंडा घालतो?"

"महाराजांच्या झाकणाच्या आत निरुपद्रवी जंतूंची भुकटी चिकटवलीय," ऋता म्हणाली. "प्रयोगशाळांना मिळते ती. माझ्या पहिल्या बाटलीतही तीच होती. जंतूभोवती भिंत असते. अश्रूत आणि अंड्यात ती भिंत फोडणारं एन्झाइम असतं. भिंत फुटली की जंतू फुटतो आणि पाणी निवळतं. आता ही शेवटची बाटली. काका, तुमच्या जखमेत आहेत त्याच जातीचे जंतू, उकळून मारलेले. महाराजांच्याच कुपीतलं घालते."

दोन आरत्या झाल्या. बाटली पांढरीच राहिली.

"या जातीने आपल्या भिंतीची ठेवणच बदललीय. हे एन्झाइम तिथे लागू पडत नाही. तुमचं इंजेक्शन ती भिंत नव्याने बांधूच देत नाही. असल्या भिंती फोडणारी नवी एन्झाइम्स शास्त्रज्ञ शोधताहेत, माणसांवर तपासून पाहताहेत. त्याला वर्षं लागतात. महाराजांना एक आरती पुरते."

काकांनी ती पांढरी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "गोजरे, रिक्षा बोलव."

करंगळी गेली, पाऊल वाचलं. महाराज खांदेश्वरला गेल्याचं ऐकू आलं. देवी बहुधा वेगळी असेल, कोंबडी तीच.

वाया गेलेले ते दोन दिवस आपल्यामुळे गेले, असं ऋता अजून म्हणते. "तुरटी" म्हणण्याआधी तिने बाटलीचा तळ बघायला हवा होता. तेव्हा अद्भुत काही दिसलं तर लगेच हात जोडू नका, आणि घाईने नावंही ठेवू नका. बाटली मागून घ्या, दुसरा थेंब टाकून बघा, आणि तोवर डॉक्टरांचं औषध चालू ठेवा. जो त्याआधीच औषध बंद करायला लावतो, त्याच्या हाती आपला पाय देऊ नका.