बाटलीच्या तळाशी

क्लेमंटने बाटलीचं झाकण उचकटलं. फुस्स असा आवाजसुद्धा झाला नाही. त्याने एल बिअर ग्लासात ओतली, एक घोट जिभेवर घोळवला आणि सिंकमध्ये थुंकला.

"मेलेली," तो म्हणाला.

ओट्यावर उघडलेल्या बाटल्यांची दाटी झाली होती. एकीला ओल्या पुठ्ठ्याची चव, दुसरीला शिरक्याची. गारसाइडांच्या, म्हणजे त्याच्या घराण्याच्या भट्टीतलं, एल आंबवणारं यीस्ट नासलं होतं. आजोबांच्या काळापासून एका पिंपातून दुसऱ्या पिंपात चालत आलेलं. त्याचा नमुना कुठे जपून ठेवावा, असं कुणाला सुचलंच नव्हतं. आता आशा होती ती जुन्या बाटल्यांची. त्यांची एल बाटलीतच मुरायची आणि तळाच्या गाळात यीस्ट झोपून राहायचं. खोऱ्यातल्या पबमधून, शेजाऱ्यांच्या तळघरांतून क्लेमंटने बाटल्या मागून आणल्या होत्या. ही त्यातली शेवटची.

एनिड दारात उभी होती. तो काय मागणार हे तिला ठाऊक होतं. जिन्याखाली डेरिकच्या बाटल्या होत्या. त्यांच्या मुलाने मोटारसायकलच्या अपघातात जाण्याआधी भरलेल्या. मागे एकदा क्लेमंटने विषय काढला, तेव्हा तिने त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

"एकच दे, एनिड." तो म्हणाला. "मला दुसरं काही सुचत नाही गं."

बऱ्याच वेळाने ती बाटली घेऊन आली. त्याच्या हातात न देता तिने स्वतःच उघडली. आवाज झाला. फेस गळ्यापर्यंत चढला.

क्लेमंटने गाळ हलू न देता ओतली. वास घेतला, घोट घेतला आणि तसाच उभा राहिला. संत्र्याची साल, मध, मागाहून स्वच्छ कडवटपणा. डेरिक वेगळं यीस्ट आणू म्हणत होता, तेव्हा क्लेमंटने सगळ्या कामगारांदेखत त्याला गप्प केलं होतं.

"मेलेली?" एनिडने विचारलं.

"जिवंत आहे. पण आपलं यीस्ट नाही हे. पोराने दुसरं घातलं. मला सांगितलंसुद्धा नाही."

"तू ऐकून घेतलं असतंस?"

एनिडने त्याच्या हातातला ग्लास घेतला. एक घोट प्यायली, मग आणखी एक.

"चांगली झालीय रे," ती म्हणाली.

"आपल्यापेक्षा चांगली." हे म्हणताना त्याने ओट्याची कड घट्ट धरली होती.

यीस्ट जागं करायला उकळून निववलेलं मोड आलेल्या बार्लीचं गोड पाणी काचेच्या चंबूत तयार होतं. क्लेमंटने बाटली गोल फिरवून तळाचा गाळ सैल केला आणि थेंबाथेंबाने चंबूत सोडला. एनिडने चंबू धरला. चंबूच्या तोंडाला कापसाचा बोळा बसवून दोघं पाहत राहिले. पाणी गढूळ झालं आणि हळूहळू निवळलं.

"नाही जागं झालं तर?" त्याने विचारलं.

"अजून आहेत जिन्याखाली," एनिड म्हणाली.