खांबालाही देवी आल्या

कुळगावच्या गावदेवीच्या देवळापुढे सोमवारी सकाळी अशी रांग लागली होती, जशी रेशनच्या साखरेलाही कधी लागली नाही. जो तो आपापल्या पोराचं मनगट धरून उभा. पुढे धर्मराज भगत बसलेला, कपाळभर शेंदूर, मांडीवर तंबाखूची चंची. पोर समोर आलं की भगत त्याच्या तळहाताला ओली हळद चोळायचा, डोळे मिटून काहीबाही पुटपुटायचा आणि अंगठ्याने हळदीवर एक रेघ ओढायचा. रेघ पिवळीच राहिली तर पोर सुटलं. लाल झाली तर देवीने त्याला मागितलं.

"लाल रेघेच्या पोराला सरकारी सुई लागली," भगत बजावायचा, "तर आई घरात शिरेल. मंग मी नाय आणि माझा बाप नाय."

उपाय अर्थात त्याच्याचकडे होता. एक कोंबडा आणि पायलीभर तांदूळ. आणि देवी तरी केवढी जाणती! ज्यांच्या अंगणात कोंबड्या फिरत होत्या, नेमकी त्यांचीच पोरं तिने मागितली होती.

बकुळाच्या अंगणात सात कोंबड्या होत्या. तिची चार वर्षांची कुंदा पुढे झाली आणि तळहातावर लालभडक रेघ उमटली. शेजारच्या कौसाबाईच्या पोराच्या अंगावर देवीचे फोड कालच उठले होते, आणि कालपर्यंत कुंदा त्याच्याच ताटात जेवत होती.

खरा घोळ घातला होता तो दवंडीने. रविवारी कोतवाल ओरडून गेला, "मंगळवारी चावडीवर सरकारी माणूस देवी काढायला येणार हो." देवी काढणं म्हणजे देवीची लस टोचणं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माणूस घाबरला की ठाऊक असलेलंही विसरतो. त्यात भगताने हळूच विचारलं, "देवी काढणार म्हणजे कुठनं काढणार? देवळातनंच ना?" झालं! उल्हासनगरच्या कॅम्पात निर्वासितांच्या वस्त्या वाढतच होत्या, तेव्हा सरकारला आता देवळाची जागा हवी आहे, असं एकाने ताडलं. दुसऱ्याने विठ्ठलवाडीची देवी ट्रकमध्ये चढवताना पाहिल्याची शपथ घेतली. बातमी मांजर्लीला पोचेपर्यंत त्या ट्रकचा ड्रायव्हर आंधळा झालेला होता.

"उद्या कुंदेला चावडीवर न्यायची नाय," घरी येताच सासूने, इंदुबाईने, सुनावलं. "कोंबडा दे नि मोकळी हो."

"आत्या, टोचली नाय आणि पोर गेली तर?"

"आणि टोचून गेली तर? रेघ लाल हाय. तूच बघितलीस ना?"

बकुळा कुंदाचं हळदीने माखलेलं झबलं घेऊन विहिरीवर गेली. डागावर साबणाचा तुकडा फिरवला आणि हात जागीच थांबला. साबण लागला तिथे पिवळा डाग लाल झाला होता.

लग्नाच्या हळदीचे कपडे धुताना हे तिने कितीदा पाहिलं होतं. गावातल्या प्रत्येक बाईने पाहिलं होतं. मग देवी काय साबणाच्या वडीत बसली होती? पण भगताच्या अंगठ्याला साबण कुठला, तो मेला आंघोळीलाच महाग. तेवढ्यात तिला ती चंची आठवली. भगत अधूनमधून तंबाखू मळत होता, आणि तंबाखूला चुना लागतो. कोंबडीवाल्याचं पोर पुढे आलं की अंगठा चुन्याच्या डबीत जाऊन येत होता.

घरी येऊन तिने सासूच्या पानाच्या डब्यातला चुना हळदीत कालवला. रंग लालभडक आला. ती वाटी तिने सासूपुढे आपटली.

"हे बघा आत्या, तुमच्या भगताची देवी."

इंदुबाईने वाटीत डोकावून पाहिलं. "घरात चुन्याने लाल होत असेल गो. देवळात देवीच करते."

मंगळवारी लस टोचणारे दिनानाथ पत्र्याची पेटी सायकलला बांधून चावडीवर आले. समोर वीस-पंचवीस गडी काठ्या घेऊन उभे, त्यांच्या मागे भगत आणि गावातल्या बायकापोरं.

"देवी काढायला आलात?" एकाने विचारलं.

"हो तर. दुपारपर्यंत सगळ्या काढून टाकू."

"सगळ्या? किती?"

"माणशी दोन. लहान पोरांच्या आधी."

"विठ्ठलवाडीच्या पण तुम्हीच काढल्यात?"

"परवाच. अडीचशे काढल्या. थोडी रडारड झाली, मग गप बसले."

काठ्या वर गेल्या. दिनानाथांना आपलं काय चुकलं ते कळेना. तेवढ्यात कुंदाला कडेवर घेऊन बकुळा मध्ये घुसली. तिच्या हातात हळदीची वाटी होती, कनवटीला चुन्याची डबी.

"आधी या खांबाचं बघू," ती म्हणाली. चावडीच्या लाकडी खांबाला तिने हळद फासली, अंगठा चुन्यात बुडवला आणि रेघ ओढली. रेघ लाल झाली. "घ्या. खांबाला देवी येणार. याचा कोंबडा कोण देतंय?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं. भगत गरजला, "देवीची चेष्टा करतेस?"

"देवीची नाय, तुझी करते. अंगठा नुसत्या पाण्याने खळखळून धू आणि माझ्या पोरीची रेघ पुन्हा ओढ."

"देवी एकदाच बोलते."

"मंग काल तंबाखूच्या मधेमधे बोलत होती ती कोण?"

भगत अंगठा मुठीत लपवून उभा राहिला. इंदुबाई पुढे आली. तिने आपल्याच तळहातावर हळद घेतली, आपल्याच डब्यातला चुना लावला आणि लाल झालेला हात पदराला पुसला. मग दिनानाथांना म्हणाली, "आधी माझ्या नातीला टोच बाबा. उशीर तर नाय झाला?"

"कालपरवाचीच लागण असेल तर नाही. वेळेत आलात."

कुंदा भोकाड पसरून रडली आणि तिच्या मागे रांग लागली. दिनानाथांनी सरकारी इमानाने भगतालाही हाक मारली, "तुम्हीही या. आजाऱ्यांच्या घरी जाता, तुम्हाला धोका जास्त."

"मला नको," भगत बोलून गेला, "माझ्या लहानपणीच काढल्यात."

दिनानाथांनी त्याची बाही वर सारली. दंडावर टोचल्याचे दोन ठसठशीत वण होते.

"स्वतः टोचून घेतलंस," बकुळा त्याच्यापुढे येऊन म्हणाली, "आणि माझ्या पोरीला कोंबड्याच्या भरवशावर ठेवलंस?"

कुंदा वाचली. कौसाबाईचं पोरही जगलं, पण त्याचा उजवा डोळा कायमचा गेला. त्याला मागच्याच वर्षी टोचायचं होतं. तेव्हा कौसाबाईने भगताला विचारलं होतं.

तेव्हा बाबांनो, देवीला हात जोडायचे तर खुशाल जोडा. पण साथ आली की ऐकलेल्या गोष्टीबद्दल आधी विचारा, कोणी पाहिलं आणि कसं पाहिलं. आणि कोणी चमत्कार दाखवायला बसला तर त्याला हात धुवायला लावा आणि त्याचा दंड उघडून बघा.