पाच नावांची कॅसेट

मी एक कॅसेट आहे, साठ मिनिटांची आणि जन्मजात भित्री. ह्यूस्टनच्या उन्हात गाडीत राहून गेलेल्या माझ्या बहिणी भाजलेल्या पापडासारख्या वाकड्या झालेल्या मी पाहिल्यात. पण खरी भीती काय असते, ते मला इलोनाबाईंनी सांगितलं.

ही १९८४ सालची गोष्ट. पद्मिनी पुण्याहून ह्यूस्टनला इतिहास शिकायला आलेली. नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेल्या ज्यू बायकांच्या आठवणी रेकॉर्ड करायचं काम तिला मिळालं होतं. जूनच्या उकाड्यातही इलोनाबाई लांब बाह्यांचा ब्लाउज घालून बसल्या. सुरुवातीलाच त्यांनी पाच नावं घेतली: स्वतःचं, धाकट्या बहिणीचं म्हणजे मार्गितचं, मग योलान, बेर्ता, सारी. आउशविट्झमध्ये हजेरीला पाच-पाचजणींच्या रांगेत तासन्‌तास उभं राहावं लागे. ही त्यांची रांग. पाचांतल्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

मार्गितला ताप चढला होता. पडली तर उचलून नेतील, म्हणून दोन्ही बाजूंनी खांदे लावून तिला उभं धरलं. चौथ्या दिवशी एका अधिकाऱ्याने नुसत्या बोटाने तिला रांगेबाहेर काढलं.

"तिने मला हाक मारली नाही," बाई म्हणाल्या. "मारली असती तर मी बहीण आहे हे त्यांना कळलं असतं."

माझी रिळं फिरत होती म्हणून, नाहीतर मी तिथेच थिजले असते.

शेवटी त्या म्हणाल्या, "हे मी एकदाच सांगितलं. पुन्हा सांगणार नाही."

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पद्मिनीने माझ्यावर शिस्तीत '२७' असं लेबल लावलं होतं. बाईंनी बाही वर केली. तिथे छावणीत गोंदलेला निळा आकडा होता. "मला एक नंबर पुरे झाला," त्या म्हणाल्या. "हिच्यावर नावं लिही."

पद्मिनी शरमली. तिने लेबल खरवडून काढलं. घरी जाऊन नीट अक्षरात लिहू, असं ठरवलं. कॅसेटच्या पाठीवरचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडले, की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. पण कोणता तुकडा कुठल्या बाजूचा हे तिला आठवेना, आणि माझी दुसरी बाजू रिकामी होती, म्हणून तिने तेही मोडले नाहीत. भल्यासाठी केलं, आणि मी अगदी कोरी दिसू लागले.

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला पद्मिनी शरयूकाकूंकडे राहायची. मला टेबलावर ठेवून ती अंघोळीला गेली. काकू दर महिन्याला नागपूरच्या आईसाठी कॅसेट भरून पाठवत. त्या दिवशी फोन वाजला.

"काय, एकनाथभाऊजी? नागपूरला जायची तुमची फ्लाइट आजच आहे? थांबा हं, आईची कॅसेट पटकन रेकॉर्ड करते!"

त्यांनी मला उचललं. मी ओरडणार कशी? मला दुसऱ्याचाच आवाज काढता येतो. काकूंनी मला मागे फिरवून पार सुरुवातीला आणलं आणि लाल बटण दाबलं. माझा जीव रिळाएवढा झाला.

"आई, मी शरयू. मी खुशाल आहे गं. तुझी फार आठवण येते…"

एकेक नाव पुसलं जात होतं. योलान गेली. बेर्ता गेली.

"काकू, स्टॉप करा!" ओल्या केसांनी पद्मिनी धावत आली.

अर्धं मिनिट गेलं होतं. बाईंचं बोलणं अजून कागदावर टाइपही झालं नव्हतं. काय पुसलं गेलं ते पद्मिनीने सांगताच काकू म्हणाल्या, "मला वाटलं ब्लँक आहे गं! आता त्या बाईंना तोंड कसं दाखवू?"

दोघी जीव मुठीत धरून इलोनाबाईंकडे गेल्या. पद्मिनीने सगळं सांगितलं आणि मला लावलं. काकूंचा आवाज आला. बाई ऐकत राहिल्या.

"काय म्हणतेय ही?"

काकूंनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "आईला सांगतेय, की मी खुशाल आहे."

मग बाई म्हणाल्या, "राहू दे ते. मला माझ्या आईला हे सांगायला मिळालं नाही."

त्यांनी नावं पुन्हा उच्चारली नाहीत. पेन मागितलं आणि पाचही नावं माझ्यावर स्वतः लिहिली. पाठीवरचे तुकडे काकूंनी मोडले.

आता मी संग्रहालयातल्या एका थंड कपाटात आहे. पुसली जायची भीती गेली, पण कुणी ऐकायलाच आलं नाही तर, ही भीती जात नाही. कधी मला लावलंत, तर आधी एक लेक आईला खुशाली सांगताना ऐकू येईल. तिच्यामागोमाग मार्गितला ताप चढतो. तेव्हा कृपा करून मला बंद करू नका.