अडला की द्यायचं

माझ्या उजव्या कानापाशी कोणीतरी हळूच म्हणालं, "कोल्ह्याने मागे वळून पाहिलं तेव्हा..."

समोर पुस्तक धरून उभा असलेला स्वप्निल नेमका तिथेच अडकला होता. लगेच तो मोठ्याने म्हणाला, "कोल्ह्याने मागे वळून पाहिलं तेव्हा," आणि पुन्हा थांबला. पुन्हा माझ्या कानापाशी तोच आवाज आला. "काठावर कोणीच नव्हतं." स्वप्निलनं तेही म्हटलं, मान ताठ करून, जणू कोल्हा त्यानेच पाहिला होता.

मी मान वळवली. शेजारी सतरंजीवर रिंकू बसली होती. पुस्तक मांडीवर उघडं, बोट ओळीवर, ओठ जेमतेम हलताहेत. स्वप्निलच्या हातातलं पान संपायच्या आत तिनं आपलं पान उलटलं.

आमच्या जादा वर्गात एकच मुलगी अशी होती जिला एक अक्षरही वाचता येत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. ती ही.

थोडं मागचं सांगायला हवं. मी शिक्षक नाही. उभं आयुष्य तालुक्याच्या वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्यात गेलं. लोकांशी बोलायची वेळ आली की मी कपाटाकडे वळायचो. निवृत्त होऊन गावी आलो, तेव्हा शाळेच्या भाग्यश्री मॅडम घरी आल्या. सहावी-सातवीतली काही मुलं अजून धड एक उतारा वाचू शकत नाहीत, शाळा सुटल्यावर तासभर त्यांच्याजवळ बसाल का, असं त्यांनी विचारलं. मला जमणार नाही हे मला ठाऊक होतं. पण नाही म्हणायलाही धीटपणा लागतो, तो माझ्यात नाही.

दिवाळीनंतर शाळेच्या वऱ्हांड्यात वर्ग सुरू झाला. मी वाचनालयातून बाद झालेली गोष्टींची पुस्तकं पिशवीत घालून न्यायचो आणि समोर खुर्चीवर बसायचो. आधी मुलं नुसती चुळबुळ करत. मग हळूहळू वाचू लागली. स्वप्निल वाचू लागला, मयुरी वाचू लागली. अडखळत का होईना, पण पुढे जात. नवीन पुस्तक दिलं तरी जात. मॅडम म्हणाल्या, "बापूजी, तुमच्या हाताला गुण आहे." मी घरी येऊन आरशात पाहिलं होतं, हे सांगायला आता लाज वाटते.

फक्त रिंकू उभी राहिली की तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. पुस्तकाकडे बघायची, माझ्याकडे बघायची, आणि खाली बसायची.

माझा डावा कान गेलेला आहे. खुर्चीवरून मला मागची कुजबूज कधी ऐकूच आली नव्हती. त्या दिवशी मॅडमनी स्वतः तास घेतला, म्हणून मी मागे जाऊन बसलो, आणि तेही रिंकूला धीर द्यावा म्हणून तिच्या शेजारी.

तास संपला. मुलं पळाली. मी रिंकूला थांबवलं.

"तू त्याला सांगत होतीस?"

"हो जी."

"रोज सांगतेस? सगळ्यांना?"

"जो अडला त्याले." तिला यात विशेष काही वाटत नव्हतं. "अडला की द्यायचं असते ना."

"अगं, पण ते त्याने वाचायचं असतं!"

ती माझ्याकडे चकित होऊन पाहू लागली. "मंग का गप राहू? पब्लिक शिट्ट्या मारन ना."

मला काहीच कळेना. "मग तू स्वतः का नाही वाचत उभी राहून?"

"मी कशी वाचन?" ती म्हणाली. "मी त प्रॉम्टर आहो. प्रॉम्टर कधी स्टेजवर येते का?"

ती दप्तर उचलून गेली. मी सतरंजीवर बसूनच राहिलो. माझ्या हाताला गुण नव्हता. मुलं वाचत नव्हती. एक मुलगी सगळ्यांसाठी वाचत होती, आणि तिच्याच नावापुढे आम्ही शून्य टाकलं होतं.

आमच्या भागात नाटकाशिवाय हिवाळा जात नाही. भात निघालं की गावोगावी मंडप पडतात. नट एका गावातून दुसऱ्या गावात धावत असतात, संवाद पाठ करायला कोणाला वेळ असतो? म्हणून प्रॉम्टर. तो आडोशाला बसून वही समोर धरतो आणि नट अडला की पुढचं वाक्य देतो. रिंकूचा मामा झिंगू हा आमच्या पंचक्रोशीतला नावाजलेला प्रॉम्टर. दिवसा तलावावर मासे मारतो, हिवाळ्यात वडश्याच्या नाटक कंपनीबरोबर जातो.

मी त्याच्याकडे गेलो. तो अंगणात जाळं पसरून बसला होता आणि फाटलेली जागा डोळ्यांनी नाही, बोटांनी शोधत होता.

"झिंगूभाऊ, रिंकूला वाचता येतं."

त्याचे हात थांबले. "कोणं सांगलं?"

"तीच सांगून राहिली. आख्ख्या वर्गाला."

झिंगूनं जाळं बाजूला सारलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "बापूजी, माह्या डोळ्यावर जाळी आली जी. मागच्या साली अक्षरं पुसट दिसाले लागली. मंग इले जवळ बसवलं. थे माह्या कानात वाचते, मी स्टेजवर फेकतो. मीच शिकवलं तिले वाचाले, बोट धरून. अन् तिले बजावलं, आवाज माह्या कानाच्या बाहेर गेला नाई पायजे. कंपनीले मालूम पडलं त मले काढून टाकतीन."

"तिच्या आईला माहीत आहे?"

"केसरले? नाई जी. थे म्हणते, पोट्टी मामासंग नाटक पाहाले जाते." त्यानं मान खाली घातली. "सांगू नका ना बापूजी."

सांगितलं नसतं, पण त्याच वेळी एक गोष्ट त्याच्याच तोंडून निघाली. सोमवारी गावातल्या बायांची टोळी मिरची तोडायला तेलंगणात चालली होती, आणि केसरबाई या वेळी रिंकूला बरोबर नेणार होती. शाळेत काही येत नाही तर निदान हाताला काम तरी येईल, असा तिचा हिशेब होता. एकदा टोळीबरोबर गेलेली मुलगी उन्हाळ्याआधी परत येत नाही, आणि आली तरी शाळेत येत नाही. हे गावात सर्वांना माहीत होतं, मलाही.

दुसऱ्या दिवशी मी रिंकूला घेऊन तलावावर गेलो. केसरबाई काठावर बसून मासे निवडत होती. झिंगूचं नाव न घेता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. म्हणजे फारच तुटक सांगितलं.

"आमची रिंकू वाचते?" ती हसली. "काऊन गरिबाची मस्करी करता जी? मॅडमनच त सांगलं, तिले 'क'बी येत नाई."

"वाच गं," मी पिशवीतून पुस्तक काढून रिंकूला दिलं.

रिंकू पुस्तक धरून उभी राहिली. ओठ हलले, आवाज निघाला नाही. मला सुचलं, मी वाकून कान तिच्या तोंडाशी नेला. ती लगेच कुजबुजली, मी ते वाक्य मोठ्याने म्हटलं. ती पुढचं कुजबुजली, मी तेही म्हटलं. मला फार आनंद झाला होता.

केसरबाईनं हातातला मासा टोपलीत टाकला. "वाचून त तुम्हीच राह्यले बापूजी. तुमाले वाचता येते हे मालूम आहे मले."

शेजारच्या बाया खदखदून हसल्या. "बापूजी नाटकात उतरले वाट्टे!" एक म्हणाली. मी पुस्तक पिशवीत घातलं आणि कुणाकडे न बघता घरी आलो.

शनिवारी पालकांची सभा होती. मॅडमना मी सगळं सांगितलं होतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. मग म्हणाल्या, "मी तिला वर्षभर शेवटच्या ओळीत बसवलं." आणि थोड्या वेळानं, "सभेत तुम्ही बोला बापूजी. केसरबाई माझं ऐकणार नाही. मीच तिला उलटं सांगून बसले आहे."

बोलणं मला शक्यच नव्हतं, म्हणून मी लिहून काढलं. कागदावर मी माणसासारखा बोलू शकतो. तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं, चौथं खिशात ठेवलं. त्यात झिंगूचं नाव नव्हतं. कोणाला दाखवलं नाही.

वऱ्हांड्यात लोक दाटीनं बसले होते. मॅडमनी आधी मुलांना वाचायला लावलं. "आज कोणी कोणाला सांगायचं नाही," असं त्या रिंकूकडे बघून म्हणाल्या. स्वप्निल दोन ओळी वाचून गप्प झाला. मयुरीनं मात्र अर्धं पान स्वतःचं स्वतः ओढत नेलं, आणि ते पाहून मला रडू येईल असं वाटलं. रिंकू भिंतीशी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती. स्वप्निल गप्प झाला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मॅडम म्हणाल्या, "आता बापूजी बोलतील."

मी उठलो. कागद काढला. समोर सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली. केसरबाई पुढच्याच रांगेत, पदर डोक्यावर घेऊन. तिच्या मागे झिंगू. अक्षरं डोळ्यांपुढे उड्या मारू लागली. "सभेला," मी म्हणालो. मग काहीच नाही. कागद हातातून निसटला आणि खाली गेला.

"बापूजी अडले!" स्वप्निल ओरडला.

हशा झाला. कोणीतरी शीळ घातली. मी तिथेच उभा होतो, डोकं रिकामं, खाली वाकायचंही सुचेना.

आणि माझ्या उजव्या कानापाशी आवाज आला. "सभेला जमलेल्या सर्व आई-वडिलांना नमस्कार."

रिंकूनं कागद उचलला होता. माझ्या शेजारी, थोडी मागे, जिथे प्रॉम्टरची जागा असते तिथे ती उभी होती.

"सभेला जमलेल्या सर्व आई-वडिलांना नमस्कार," मी म्हणालो.

"मी शिक्षक नाही."

"मी शिक्षक नाही."

"माझ्या वर्गातली मुलं वाचू लागली असं मला वाटत होतं. ते खरं नव्हतं."

मी म्हणत गेलो. माझीच वाक्यं, पण ती मला तिच्याकडून मिळत होती. हशा कधीच थांबला होता. पुढच्या रांगेतली केसरबाई माझ्याकडे पाहतच नव्हती. ती माझ्या रिकाम्या हातांकडे पाहत होती, मग पोरीच्या हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा माझ्या हातांकडे. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"केसरबाई," कानापाशी आवाज आला.

"केसरबाई," मी म्हणालो.

आणि आवाज बंद पडला.

पुढची ओळ मला माहीत होती, ती रिंकूबद्दलच होती. मीच लिहिली होती. त्या क्षणी ती मला आठवतही होती. पण मी ती म्हटली नाही. का, ते सांगता येत नाही. कदाचित भीतीच असेल.

वऱ्हांड्यात इतकी शांतता झाली की तलावावरची टिटवी ऐकू आली. रिंकूचा श्वास माझ्या बाहीला लागत होता. अशी शांतता तिला सहन होत नाही, हे आता मला माहीत होतं.

"काऊन थांबली वं?" केसरबाईचा आवाज घोगरा झाला होता. "माह्या नावापुढं काय लिहिलं आहे? दे ना."

रिंकूनं मामाकडे पाहिलं. झिंगू डोळे बारीक करून कुठेतरी तिच्या दिशेनं पाहत होता. त्याला ती दिसत नसावी. तो उठून उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दे बेटा. माह्या कानासाठी नोको देऊ. लोकाइले आयकू जाऊ दे."

ती एक पाऊल पुढे आली. माझ्या बाजूनं पुढे आली. मी मागे राहिलो.

"केसरबाई," तिनं मोठ्यानं वाचलं, आणि स्वतःच्या आवाजाला दचकली. "केसरबाई, तुमच्या रिंकूला वाचता येतं. ते मी शिकवलेलं नाही. ती आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं वाचते आणि आम्हाला ते कळलं नाही. तिला मिरची तोडायला नेऊ नका."

केसरबाई उठली. पुढे येऊन तिनं कागद रिंकूच्या हातातून घेतला, उलटा केला, सुलटा केला. एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"मिरची तोडायला," रिंकू म्हणाली.

"अन् हे?"

"नेऊ नका."

केसरबाईनं बोट तिथून काढलं नाही. मग वळून भावाकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

झिंगूनं होकारार्थी मान हलवली.

"किती दिवस?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "मी पोट्टीले जनावरासारखी घेऊन चालली होती ना रे. अन् तू पाहून राह्यला." तिच्या आवाजात राग होता, पण तो कोणावर काढावा हे तिला कळत नसावं. ती मॅडमकडे पाहत राहिली, माझ्याकडे, पुन्हा झिंगूकडे. कोणीच तिच्या नजरेला नजर दिली नाही.

शेवटी ती भावाला म्हणाली, "सोमवारी मी एकटीच जाईन. पोट्टी तुह्या घरी राहीन. शाळेतच जाईन, अन् तिले कानात नाई, मोठ्यानं वाचाले लावजो. तुह्या कंपनीचं तू पाहून घे."

"हो," झिंगू म्हणाला. "कंपनीले मीच सांगतो."

केसरबाईनं कागद रिंकूकडे परत दिला, खाली बसली आणि पदर पुन्हा डोक्यावर घेतला. माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "बापूजी, तुमचं झालं का? का उरलं आहे अजून?"

उरलं होतं. मॅडमचे आभार उरले होते. मी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

रिंकूनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती माझ्या उजव्या बाजूला आली, पण मागे उभी राहिली नाही.